खडी की काँक्रीट? एका वाटेची घालमेल

मी एक जुनी वाट आहे आणि खरं सांगायचं तर, मित्रांनो, सध्या माझा पाय एका जागी ठरत नाही. वाटेला पाय कुठून आले, असं तुम्ही म्हणाल. माझ्यावरून इतके पाय गेले आहेत की त्यांतले थोडे माझे म्हणायला हरकत नसावी.

मोठ्या रस्त्याला लागून एक लोखंडी फाटक आहे. तिथून मी सुरू होते, चांगला उभा उतार उतरते, एक अवघड वळण घेते आणि मग शेताच्या कडेनं सपाटीवरून रमतगमत एका घराच्या व्हरांड्यापाशी येऊन थांबते. म्हणजे लोक मला थांबलेली समजतात. मी कसली थांबते!

लोकांच्या बोलण्यात मी सारखी असते, पण कौतुकानं क्वचितच. काही बिघडलं की "वाट लागली." कुणाचा राग आला की "माझ्या वाटेला जाऊ नकोस." याची मला सवय आहे. पण काही आठवड्यांपूर्वी या घरातली माणसं माझी नक्की काय वाट लावायची याचा विचार करायला खुर्च्या मांडून बसली, आणि तेव्हापासून माझी जी घालमेल सुरू झाली ती अजून चालूच आहे.

मला घडवलं ते या घरातल्या बाबांनी. तेव्हा ते बाबा नव्हते, नुकतंच लग्न झालेले ट्रक ड्रायव्हर होते. मी होते नुसता चिखलाचा पट्टा. त्यांची नवी नवरी चपला हातात धरून, गुडघाभर चिखल तुडवत दाराशी पोचली आणि म्हणाली, "घर छान आहे हो तुमचं. पण यायचं कसं ते आधी सांगितलं असतंत, तर नांगर घेऊन आले असते."

ते वाक्य बाबांना जिव्हारी लागलं. त्यांनी आधी माझ्या अंगावर मुरूम पसरला. रोलर कुठून आणणार? आपलाच ट्रक पुढं-मागं, पुढं-मागं फिरवून त्यांनी मला दाबून घट्ट केलं. मग वर खडी टाकली. नवरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोरड्या पायांनी चालून आली आणि म्हणाली, "आता कसं माणसात आल्यासारखं वाटतंय." मला मिळालेली ती पहिली शाबासकी. ती बाई आता नाही.

खडीचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे का, मित्रांनो? तिला एका जागी बसवत नाही. चाकाखालून निसटेल, कडेच्या गवतात जाऊन लपेल, उतारावरून घरंगळत वळणावर जमा होईल. अधूनमधून दाताळ्यानं ओढून तिला परत जागेवर आणावं लागतं. आणि ती गप्पही बसत नाही. सायकल आली की चरचर, गाडी आली की करकर, माणूस आला की खरडक-खरडक. टपालवाला म्हणायचा, "या घराला दारावरच्या घंटीची गरजच नाही. वाटच आधी वर्दी देते."

हे बोलणं सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. बाबांनी मात्र मनात ठेवलं. त्याला कारण होतं, आणि ते बाबांखेरीज फक्त मला ठाऊक होतं. बाबांना दिसेनासं होत चाललं होतं.

आधी फाटक पुसट झालं, मग शेत, मग समोरच्याचा चेहरा. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. कारण एकदा व्हरांड्यात बसून त्यांचा मुलगा म्हणाला होता, "बाबांचे डोळे आहेत तोवर ठीक आहे. उद्या दिसेनासं झालं तर त्यांना दिवसभर इथं एकटं कसं ठेवायचं? मग सरळ घर बंद करून शहरात जाऊ." मुलगा प्रेमानंच म्हणाला. पण बाबांच्या हातातला चहा तसाच निवला.

त्या दिवसापासून बाबा माझ्या जिवावर पाहू लागले. वीस-पंचवीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या ड्रायव्हरचे कान! चाकाच्या आवाजावरून गाडी ओळखायची, पावलाच्या आवाजावरून माणूस. सूनबाईची स्कूटर फाटकातून आत आली की इकडून हाक जायची, "सूनबाई, मागच्या चाकात हवा कमी दिसतेय!" सूनबाई नवऱ्याला सांगायची, "बाबांची नजर बघा, अजून घारीसारखी आहे." मी आणि बाबा दोघंही मुकाट राहायचो. मला तर मुकाट राहणंही धड जमत नाही. कुठला तरी खडा टुणकन उडायचाच.

सूनबाई जवळच्या दवाखान्यात नर्स आहे. एका दुपारी ड्यूटीवरून परत येताना वळणावर साठलेल्या खडीवरून तिची स्कूटर घसरली. मुलगा घरातच होता, पण तिच्यापाशी पहिले पोचले ते बाबा. पायांनी मला चाचपत, जवळजवळ पळत. सूनबाईचं मनगट मोडलं. प्लास्टर घालून ती घरी बसली, आणि मुलानं जाहीर केलं, "बस्स झालं. ही खडी काढायची."

मग सुरू झाल्या चर्चा. मुरूम म्हणावा, तर पावसात पुन्हा चिखल. डांबर म्हणावं, तर एवढ्याशा कामाला डांबरवाला यायला तयार नाही. पेव्हर ब्लॉक दिसायला देखणे, पण खालची माती दबली की एक वर, एक खाली. काँक्रीट टिकाऊ, पण एकदा घातलं की घातलं. रोज संध्याकाळी कुणी तरी फीत घेऊन माझं माप घ्यायचं. शिंप्यानं मापं घ्यावीत, कापड मात्र ठरवूच नये, अशी माझी अवस्था झाली.

आणि बाबा प्रत्येक गोष्टीला आडवे.

"काँक्रीट तापतं."

"बाबा, आपण काय अनवाणी चालणार आहोत का?"

"पाणी मुरत नाही त्यात. सगळं व्हरांड्यात येईल."

"बाजूनं चर काढू."

"अवजड गाडी आली की तडे जातात."

"कुठली अवजड गाडी? बाबा, ट्रक विकलात तुम्ही. मी शाळेत होतो तेव्हा!"

प्लास्टरचा हात गळ्यातल्या पट्ट्यात सावरत सूनबाई उठली. "राहू द्या हो," ती नवऱ्याला म्हणाली. "बाबांना खडी आवडते ना, असू दे खडी. माझा दुसरा हात अजून चांगला आहे की."

ती आत गेल्यावर बाबा पायरीवर आले, वाकले, मूठभर खडी उचलली आणि कितीतरी वेळ या हातातून त्या हातात करत बसले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला आवाज फुटतो तो कुणी पाय ठेवला तरच.

शेवटी ठेकेदार आला. तोंडाचा मोठा फटकळ आणि हसरा. काँक्रीट की पेव्हर ब्लॉक हे अजून ठरायचंच होतं, म्हणून टेम्पो फाटकाजवळ ठेवून तो ब्लॉकचे नमुने हातात घेऊन चालत आला. "काका, घर तुमचं, तेव्हा पसंतीही तुमचीच," असं म्हणत त्यानं दोन ब्लॉक बाबांसमोर धरले. "बोला, यातला कुठला?"

लाल आणि करडा असे दोन रंग येणार, हे बाबांनी मुलाच्या फोनवरच्या बोलण्यात ऐकलं होतं. ते मान तिरकी करून, नीट निरखल्यासारखं करत म्हणाले, "लालच बरा दिसतोय. हा उजव्या हातातला."

ठेकेदार खो खो हसला. "काय काका, चेष्टा करता गरिबाची! लाल अजून टेम्पोत आहे. हे दोन्ही करडेच, एक गुळगुळीत, एक खरखरीत."

मुलानं फोनमधून मान वर काढली. बाबांच्या कपाळावर घाम आला. आणि सूनबाई, जी रोज पन्नास माणसांचे डोळे, जिभा आणि नाड्या बघते, ती चटकन म्हणाली, "अहो, तुम्हीही जा ना यांच्याबरोबर. लाल ब्लॉक घेऊन या टेम्पोतून. एकटे किती आणतील ते?"

दोघं माझ्यावरून चालत दूर गेले. सूनबाई बाबांच्या खुर्चीजवळ पायरीवर बसली. प्लास्टरचा हात त्यांच्यासमोर धरून म्हणाली, "बाबा, यावर काय लिहिलंय?"

"सूनबाई, नको ना विचारू."

"सांगा तर."

"काही तरी चांगलंच लिहिलं असेल कुणी."

"काहीच लिहिलेलं नाही, बाबा." तिचा आवाज खाली आला. "कधीपासून?"

"झाली दोन वर्षं. त्याला सांगू नकोस. तो मला इथून उचलून नेईल."

"आणि म्हणून तुम्हाला खडी हवी? तुमचं गुपित झाकायला?"

"ते तर आहेच," बाबा म्हणाले. "पण तू फाटकातून आत शिरलीस की मला कळतं, पोरी. वळणावर ब्रेक दाबतेस ते कळतं. त्या दिवशी पडलीस, तेही मला आधी कळलं. उद्या काँक्रीटवरून पडलीस, तर मला कोण सांगणार?"

सूनबाईनं तोंडावर पदर धरला, आणि ती हसतेय की रडतेय हे मला बराच वेळ समजेना. "अहो बाबा," ती शेवटी म्हणाली, "मी पडू नये म्हणूनच तर काँक्रीट घालायचंय ना!"

"खरंच की," बाबा म्हणाले. "एवढा विचार मी केलाच नाही."

मुलापासून तिनं काहीही लपवलं नाही. बाबांना शेजारी बसवूनच सांगितलं. मुलानं मांडीवरचा लाल ब्लॉक बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मला वाटायचं, तुम्ही हट्टी झालात."

"तो मी आधीपासूनच आहे," बाबा म्हणाले.

माझा निर्णय मात्र सूनबाईनं घेतला. उतारावर आणि वळणावर काँक्रीट. तेही गुळगुळीत नको, ओलं असतानाच वरून खराटा ओढून खरबरीत केलेलं. वळणापासून घरापर्यंतच्या सपाटीवर खडी. तिथं ती फारशी पळत नाही. ठेकेदार कुरकुरला, "वहिनी, अर्धी अशी, अर्धी तशी, लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "लोकांना येता-जाता आलं म्हणजे झालं."

आता माझ्या वरच्या अंगावर काँक्रीट पडलं आहे. ते रोज पाणी पितं आहे, आणि हलता न येणं म्हणजे काय, ते मला पहिल्यांदाच कळतं आहे. तिथं मी ताठ, इथं सैल. माझं मलाच जमवून घ्यायचं आहे.

आज सकाळी मुलगा आणि सूनबाई बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काँक्रीट अजून कच्चं, म्हणून गाडी फाटकाबाहेर. तिघंही कडेच्या बांधावरून एकमेकांना धरत वर चढले. मोतीबिंदू असेल तर बरं होईल, असं सूनबाईचं म्हणणं. दुसरं काही निघालं, तर काय, हे कुणी बोललं नाही. फक्त फाटकापाशी मुलगा बाबांचा हात धरून म्हणाला, "डॉक्टर काहीही म्हणोत, बाबा. संध्याकाळी आपण इथंच परत यायचं."

मित्रांनो, अशी आत्मकथा सांगणारे शेवटी "माझी काळजी घ्या" म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. मला दाताळं आहे, खराटा आहे, ठेकेदार आहे. पण तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस एखाद्या क्षुल्लक गोष्टीवर अडून बसलं आणि त्याची कारणं तुम्हाला पटेनात, तर ती कारणं खोडत बसू नका. शेजारी जाऊन बसा. तुम्हाला कशाची भीती वाटते, असं विचारा. आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.