आधी दाबून बघ

ज्या खोलीत बोर्गहिल्डने नर्स म्हणून सव्वीस वर्षं काढली, त्याच खोलीत ती आता डाव्या कुशीवर आडवी पडली होती. तोंडात प्लास्टिकची कडी, घशातून उतरलेली दुर्बीण; बोलायची सोयच नाही. जठरात लिंबाएवढी गाठ. दोनदा तुकडे काढून तपासले, दोन्ही वेळा काही सापडलं नाही. पण एवढी मोठी गाठ उगाच कशी असेल, असं सर्जनच्या मनाने घेतलं आणि गुरुवारी अर्धं जठर काढायचं ठरलं.

खोलीत ओळखीचं काही उरलं नव्हतं. तिच्या वेळी हा पडदाबिडदा कुठला! डॉक्टर आयकेलांड बारीक भिंगाला डोळा लावून बसायचे आणि मधेच ओरडायचे, "अगं, ये इकडे! डोळे काय फक्त पगार मोजायला दिलेत?" महातिरकस माणूस, पण हातचं राखून कधी शिकवलं नाही. त्यांना जाऊनही अकरा वर्षं झाली.

पडद्यावर गाठ दिसत होती, गुळगुळीत, लोण्यासारखी पिवळसर.

"गुरुवारच्या आधी आणखी एक तुकडा घेऊ," तरुण डॉक्टर सिंद्रे म्हणाला. नर्स इंगविल्डने दुर्बिणीतून आत सरकवलेला चिमटा उघडला.

बोर्गहिल्डचा हात वर गेला.

"काय झालं? दुखतंय? थांबू?"

तिने नकारार्थी मान हलवली. मग बोटं घट्ट मिटून तिने डोक्याखालची उशी दाबली. सोडली. पुन्हा दाबली.

"घाबरल्यात हो त्या," इंगविल्ड म्हणाली.

सिंद्रे उशीकडे बघतच राहिला. "घाबरतायत कसल्या! आपल्याला कामाला लावतायत. चिमटा मीट."

मिटलेल्या चिमट्याने त्याने गाठ दाबली. खळगा पडला आणि हळूहळू भरून आला.

"अरे, उशीसारखी दबतेय, ही तर चरबी! आपण वरवरची सालं काढत बसलो. स्कॅन करून टाकू."

दुपारी स्कॅन आलं. निव्वळ चरबीची निरुपद्रवी गाठ. साप साप म्हणून भुई धोपटायची वेळ आली होती, ती टळली. गुरुवारची शस्त्रक्रिया रद्द झाली. बोर्गहिल्डने नुसती मान डोलावली आणि कोट चढवायला घेतला.

"हे तुम्हाला शिकवलं कुणी?" सिंद्रेने विचारलं.

"आयकेलांडांनी."

"आयकेलांड? कोण ते?"

जठर वाचल्याचं ऐकूनही न आलेलं रडू तिला त्या प्रश्नाने आलं.