आपण म्हणायचं राहिलं

पाद्रीसाहेबांनी त्या डोंगरात अर्धं आयुष्य घालवलं, वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या, पण स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या मावशी काही त्यांच्याने वळल्या नाहीत. ही गोष्ट त्यांना कुसळासारखी सलायची. बाहेरून पाहुणा आला की मावशी चहा घेऊन येत आणि पाहुणा हमखास विचारी, यांचा बाप्तिस्मा झालाच असेल? साहेब नुसते चहा ढवळत बसत. साखर कधीच विरघळलेली असे, तरी ढवळत बसत.

आता त्यांचं वय झालं होतं, गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि मुख्य कचेरीने परत बोलावलं होतं. बंगलीत खोकी भरणं चाललं होतं. साहेबांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. बाईंना पुस्तकांचं, पडद्यांचं काही वाटत नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता तो घरामागच्या छोट्या थडग्यात आणि मावशींमध्ये.

थडगं चिमणीचं होतं. बाईंची एकुलती एक लेक. तापाने गेली तेव्हा तिचे दुधाचे दातही सगळे पडले नव्हते. तिला मावशींनीच अंगाखांद्यावर वाढवलं. तापातसुद्धा तिने आईला सोडून मावशींचीच मांडी मागितली आणि तिथेच डोळे मिटले. याचा बाईंना बरीच वर्षं आतून राग होता. पुढे तो राग कसा कोण जाणे विरून गेला आणि त्याच्या जागी माया उरली. म्हणूनच जाण्याआधी मावशींना एकदा विचारायचंच असं बाईंनी ठरवलं होतं. चिमणी पुन्हा भेटायची तर बाईंच्या लेखी वाट एकच होती, आणि मावशी त्या वाटेच्या तोंडाशी वर्षानुवर्षं भांडी घासत उभ्या होत्या.

कपबशा कागदात गुंडाळताना बाईंनी विषय काढला. चिमणी किती बडबडी होती, टेबलावर बसून कशी डोंगरातल्या भाषेत बोलायची, याच्या आठवणी निघाल्या. ‘मावशी, आपण फुलं आणूया’ हे तिचं पालुपद. साहेब तिला दटावायचे, शहाण्या मुली आम्ही म्हणतात, आपण नाही. त्यावर चिमणी हसून हसून ताटात लवंडायची. बाबा गंमत करतायत असंच तिला वाटे. हे सांगताना बाईही हसल्या. मावशी हसल्या नाहीत.

“मावशी,” बाई म्हणाल्या, “एक विचारू? तुम्ही इतकी वर्षं दारात उभं राहून प्रार्थना ऐकलीत. मग कधी आत का नाही आलात? चिमणीला पुन्हा भेटावंसं नाही वाटत तुम्हाला?”

मावशींच्या हातातली बशी तशीच राहिली.

“वाटून काय करू? साहेबांनीच सांगितलं ना, तिला मातीत ठेवताना. आम्ही हिला पुन्हा भेटू, म्हणाले. आम्ही. मी समोरच उभी होते, बाई. तुम्ही दोघं भेटणार, मी नाही. आईबापच ते, त्यांचा हक्क. मी काय भांडणार होते?”

बाईंना आधी कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा त्या खोक्याच्या कडेवर मटकन बसल्या.

साहेब ती भाषा एका म्हाताऱ्या शिकाऱ्याकडून शिकले होते. म्हातारा सांगे, आम्ही अशी शिकार करतो, आम्ही असं गातो. परक्याला सांगताना तो दुसरं काय म्हणणार? साहेबांच्या मायबोलीत आम्ही आणि आपण मिळून एकच शब्द, तेव्हा त्यांनी आम्ही उचलला आणि आयुष्यभर तोच चालवला. बाई त्यांच्याकडून शिकल्या. आपण कानावर पडे, नाही असं नाही, पण लोक तो एकमेकांत बोलताना वापरत. या दोघांना उद्देशून कुणी कधी आपण म्हटलंच नव्हतं, मग कळणार कसा? साहेबांना तो बायकापोरांचा लाडिक शब्द वाटायचा.

आणि या तयारीवर साहेब दर रविवारी गळ्याच्या शिरा ताणून सांगत राहिले, देव आमच्यावर प्रेम करतो, आमच्यासाठी त्याने स्वतःचा मुलगा दिला. लोक माना डोलवत. परक्या माणसांनाही कुणी मायेचा देव आहे, बरं झालं बिचाऱ्यांचं, असं म्हणून घरी जात. जी चार-दोन घरं प्रार्थनाघरात आली, त्यांना साहेबांनी हाताला धरून आणलं होतं. मावशींचा हात धरायचं कुणाला सुचलं नाही. त्या घरातल्याच तर होत्या.

नुसता शब्द चुकला असता तर कुणीतरी हसून दुरुस्त केला असता, हे बाईंना तिथे बसल्या बसल्या उमगलं, आणि ते जास्त लागलं. समोर फळीवर मावशींचा कानतुटका कप होता, वेगळा ठेवलेला. तीन माणसांच्या टेबलाला चौथी खुर्ची कधी आलीच नव्हती. घरात सगळं आम्हीच्या मापाने चाललं होतं, मग साहेबांच्या तोंडी तो शब्द चुकला असेल असं मावशींना तरी का वाटावं?

“आपण,” बाई म्हणाल्या. “त्यांना आपण म्हणायचं होतं, मावशी. आपण सगळे भेटू तिला. तुम्ही धरून.”

मावशींनी हातातली बशी खाली ठेवली.

“मग मी रोज संध्याकाळी तिचा निरोप कशाला घेत होते?” त्या म्हणाल्या. “मी इथं आहे तोवरच तिची भेट, म्हणून थडग्यापाशी जायची मी. रोज.”

शेजारच्या खोलीत साहेब खोक्यांना दोऱ्या आवळत होते आणि कसलंसं भजन गुणगुणत होते. त्यांना जाऊन सांगावं असं बाईंच्या ओठांवर आलं. पण या वयात त्यांच्याकडून आयुष्यभराच्या कामाचं समाधानही काढून घेण्याचा धीर त्यांना झाला नाही. हेही आता स्वतःबरोबर न्यायचं, हे त्यांना कळून चुकलं.

सकाळी जीप आली. वस्तीतली माणसं जमली. मावशी थडग्यापाशी उभ्या होत्या. बाई तिथे गेल्या. त्यांनी मावशींचे हात हातात घेतले. रात्रभर तो एकच शब्द डोक्यात घोळत होता, तोच निसटला.

“निघतोय आपण, मावशी.”

मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी त्या हसल्या. “इथं आम्ही म्हणायचं, बाई. मी कुठं येतेय?”

बाई जीपकडे वळल्या, पण पाय रेंगाळत होते. मावशींनी एकदा, नुसतं एकदा आपण म्हणावं, आपण भेटूच म्हणावं, म्हणून त्या कान देऊन होत्या. साहेबांनी हॉर्न वाजवायला सांगितलं. बाई आत बसल्या तेव्हा मावशी खिडकीशी आल्या आणि त्यांनी बाईंच्या पदराचं टोक दारात अडकू नये म्हणून आत सारलं.

“चिमणीची काळजी करू नका,” मावशी म्हणाल्या. “आम्ही बघू तिच्याकडे.”

जीप सुरू झाली. बाईंना तो शब्द आता नीट कळत होता.