दुसऱ्याच्या खोलीत मांडलेला संसार

मित्रांनो, मी एक जुना पॅकेज मॅनेजर आहे आणि जगाची शिस्त माझ्यावर उभी आहे. जग म्हणजे घरून प्रोग्राम लिहिणाऱ्या एका सूनबाईंचा कॉम्प्युटर. त्यातलीही शिस्त मी मागच्या मंगळवारी घालवली.

पायथॉन या संगणकभाषेतल्या प्रत्येक प्रोग्रामला इतरांनी लिहिलेली तयार पॅकेजेस लागतात, तीही ठरावीक आवृत्तीचीच. मी ती आणतो आणि प्रत्येक प्रोग्रामला वेगळी खोली देऊन तिथे मांडतो. या खोलीला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट असं भारदस्त नाव आहे. दोघांना एका खोलीत कोंबलं की भाऊबंदकी ठरलेली. मी नवा होतो तेव्हा लोकांनी तोंड भरून कौतुक केलं. पुढे माझ्याहून चपळ भावंडं आली. सूनबाईंनी मात्र मला टाकलं नाही. म्हणून तर जास्त मनाला लागतं.

त्या सकाळी दहाला सूनबाई दवाखान्याच्या प्रोग्रामवर काम करत होत्या. तो याच कॉम्प्युटरवरून तिकडे दवाखान्यात औषधाच्या बाटल्यांची लेबलं छापतो. त्याची खोली उघडीच ठेवून त्यांनी मला वाचनालयाच्या नव्या प्रोग्रामचं सामान लावायला सांगितलं. माझी रीत अशी, की एखादी खोली आधीच उघडी दिसली तर मी नवी बांधत नाही, तिथेच शिरतो. शिरलो. दवाखान्याचं अक्षरं उमटवणारं जुनं पॅकेज बाहेर फेकलं, वेगळ्या आवृत्तीचं बसवलं आणि सगळं यथास्थित असल्याचं हिरव्या अक्षरांत कळवलं.

दुपारी दवाखान्यातून कंपाउंडरचा फोन आला. "ताई, लेबलावर नुसते चौकोन आलेत. पेशंटला काय सांगू, दिवसातून तीन चौकोन घ्या?"

त्या वेळी कॉम्प्युटरवर सासूबाई पत्ते लावत बसल्या होत्या. सूनबाईंनी त्यांना अर्ध्या डावातून उठवलं.

"आई, तुम्ही काय दाबलंत?"

"मी फक्त राणी उचलली गं."

संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरला पासवर्ड लागला. पूर्वी सासूबाई चहाचा कप टेबलावर आणून ठेवायच्या. तो आता दाराशीच्या स्टुलावर थांबू लागला.

पुढचे तीन दिवस सूनबाई सकाळी दवाखान्याचं सामान नव्याने लावत, लेबलं सुधारत. दुपारी वाचनालयाचं लावत, पुन्हा चौकोन. सासूबाई आसपासही नव्हत्या, पण एकदा कुणी बिघडवलेलं यंत्र बिघडतच जातं, असं सूनबाईंचं मत पडलं. कंपाउंडर हाताने लेबलं लिहीत राहिला. मला सगळं ठाऊक होतं. न विचारता बोलायची मला सोय नाही, असं मी स्वतःला समजावत होतो. लबाडी आहे ती. एका ओळीचा इशारा द्यायला माझं काय जात होतं?

शनिवारी सूनबाईंनी विचारलं, वाचनालयाची खोली कुठली? मी दवाखान्याचा पत्ता दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग पॅकेज पहिल्यांदा कधी बदललं ते पाहिलं: मंगळवार, सकाळी दहा वाजून बारा मिनिटं. सासूबाई बसल्या होत्या तीनला.

त्यांनी दोन वेगळ्या खोल्या बांधल्या, पासवर्ड काढला आणि स्वयंपाकघरात गेल्या.

"आई, चूक माझी होती."

"असू दे. पण मी नाही बाई आता त्या यंत्राला हात लावायची."

माझी चूक सूनबाईंनी स्वतःवर घेतली, हे मला फार बोचलं.

मित्रांनो, हिरव्या अक्षरांवर विसंबू नका. काम सांगण्याआधी मी कुठे उभा आहे ते विचारा. माणसावर आळ घेण्याआधी तर विचाराच.

आणि सासूबाईंचा डाव अजून तसाच उघडा आहे. कोणी त्या घरी गेलात, तर त्यांना हळूच सांगा: किल्वरची दश्शी बदामाच्या गुलामावर बसते.