टँकरऐवजी सिनेमा

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही श्रीगोंद्याच्या रस्त्यावर खडी फोडत होतो. टँकर बरेच दिवस फिरकला नव्हता. माझी बनू तापानं फणफणली होती आणि घागरीच्या तळाशी नुसता गाळ उरला होता. सांजेला फुफाटा उडवत एक गाडी येताना दिसली, तशा आम्ही बायका हंडे-कळशा घेऊन धावलो, एकमेकींशी भांडून रांग लावली. गाडीतून उतरला पडदा! बरोबरचे साहेब म्हणाले, "तुमचं मन रमावं म्हणून विनोदी सिनेमा आणलाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण अंधार पडताच बाप्ये बसले की मांडी घालून. माझा नवरा, सहादेव, सगळ्यांत पुढे. सिनेमातला माणूस असा, की घर पडलं तरी हसतो. नोकरी गेली, हा शीळ घालतो. बायकोनं पिठाचा रिकामा डबा दाखवला, तर म्हणे उद्या भरेल! लोक खो खो हसत होते. बनू माझ्या मांडीवर कोरडे ओठ चाटत पडद्याकडे बघत होती. त्या सिनेमातल्या मेल्याला एक दिवस आमच्या खडीवर बसवावं, मग बघावं कसा हसतो ते.

सिनेमा गाडीच्या इंजिनावर चालत होता. इंजिन तापलं तसा ड्रायव्हर कॅन घेऊन आला आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतायला लागला. स्वच्छ, नितळ पाणी. गाडीला!

मी बनूला शेजारच्या रतनबाईकडे दिलं, उठले आणि कॅन हिसकावला.

"अहो बाई, इंजिन बंद करावं लागेल!" साहेब ओरडले.

"करा बंद. तुमचं इंजिन तापलं तर पानी, अन् माझी पोरगी तापली तर सिनेमा व्हय?"

इंजिन थांबलं, पडदा काळा पडला. बाप्ये माझ्यावरच खवळले. "शेवट तरी बघू द्यायचा हुता!" त्यात सहादेवाचाच आवाज मोठा. मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही.

बनू घटाघटा प्यायली. धाप लागली तशी थांबली आणि म्हणाली, "आये, मग त्या मानसाचं पुढं काय झालं?"

वाटोळं झालं, हेच माझ्या जिभेवर होतं. पण तिचा कढत हात माझ्या हातात होता.

"लई चांगलं झालं त्याचं," मी म्हणाले. "नीज आता."

मन रमवायचं त्या साहेबाचं काम शेवटी मलाच करावं लागलं, याचा राग अजून गेलेला नाही.