धुनीच्या अंगाऱ्यावर पोसलेला रोहू

गुरुवारी सकाळी बेसा गावाच्या पलीकडे, शामलाकाकूच्या शेततळ्याभोवती माणसांची रीघ लागली होती. जाळ्यातून काढलेला रोहू काट्यावर ठेवायला दोन हात लागले. सव्वा किलो! गेल्या वर्षी याच महिन्यात काढलेला तेवढ्याच वयाचा रोहू पाव किलोचाही नव्हता.

"टोपलंभर अंगारा रोज पाण्यात, अन् मासा हत्ती!" काठावर धुनी पेटवून, अंगाऱ्याचे पोते शेजारी ठेवून बसलेले जलयोगी महाराज गरजले. नारळ फुटू लागले.

मी मागे, बाभळीच्या विरळ सावलीत उभा होतो. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. संशय मात्र गढूळ पाण्याखालच्या माशासारखा आत हलत राहतो.

काकूसमोर स्टॅम्पपेपर होता. तळे मठाला अर्पण केले नाही, तर मासे उताणे तरंगतील, असे महाराजांनी बजावले होते. काकांच्या माघारी त्या तळ्यावाचून तिला दुसरा आधार नव्हता. तिने पेन उचलले.

"महाराज, आधी थोडा अंगारा कपाळाले लावू द्या."

"नाही वं माय! हा फक्त पाण्याचा. कपाळाले लागला तं शक्ती उतरते."

"मासे भक्त, अन् आमचं कपाळ काहून बाद?" शेजारचे चंपतराव हसले.

खरेच, कपाळाला वर्ज्य असलेला अंगारा कधी कुणी ऐकला होता? आणि त्याला कापराचा एवढा उग्र दर्प कशासाठी?

मी पुढे झालो. पोत्यातली मूठभर भुकटी घेतली; ती शेंगदाण्याच्या पेंडीसारखी तेलकट लागली. ती महाराजांच्याच धुनीत टाकली. राख पुन्हा जळत नाही. ही जळली, कापूर उडून गेल्यावरही धुमसत राहिली, आणि केस करपल्यासारखा वास पसरला.

"अगं माय, हे तं सुकट होय!" काकू उठलीच.

"महाराज, मठ शाकाहारी न तुमचा?" चंपतरावांनी विचारले.

"अपवित्र हात लागला!" महाराज ओरडले, पण पोत्याचे तोंड आवळू लागले.

मी प्राणीशास्त्र शिकतो. त्या दिवशी प्रथमच लोकांसमोर बोललो. "काकू, गेल्या वर्षी तू नुसता धानाचा कोंडा टाकला. त्यात प्रथिनं कमी, अन् माशाचं मांस बनते प्रथिनांनी. यांच्या पोत्यात सुकट अन् शेंगदाण्याच्या ढेपेची भुकटी आहे, वास झाकायला वरून कापूर. म्हणून मासा वाढला, म्हणून त्याचं अंग असं घट्ट भरलं."

"मंग तळं नाही दिलं तं मासे मरतीन का गा?"

"नाही. हे खाद्य बंद केलं तर वाढ मंदावेल, जास्त टाकलं तर पाणी सडेल. शाप कुठंच नाही."

काकूने पेन महाराजांच्या पाटावर ठेवले. "तळं माझंच राहीन. सुकट मी बाजारातून आणीन."

चमत्कारापुढे हात जोडण्याआधी त्यातली एक मूठ हातात घ्यावी. वास घ्यावा, जाळून पाहावी, प्रश्न विचारावा. जो हे करू देत नाही, त्याच्या कागदावर सही करू नये.