नऊ माणसांनी पाहिलेलं घर

रागिणीसाठी घर पाहायला नऊ माणसं गेली होती. माणसं म्हणजे पुरुष. आमच्याकडे बायांना माणसांत मोजत नाहीत. पोरीचं जमत आलं की पोरीकडचे जीप करून मुलाचं घर पाहायला जातात, जेवतात, पान खातात, परत येतात. पोरीची आई घरी राहते आणि त्यांच्या तोंडून घर ऐकते. तिनं जायचं नसतं. गेली तर लोक म्हणतात, हिला भलतीच घाई.

संध्याकाळी जीप आली. माझे दीर खुशालराव ढेकर देत उतरले.

"वहिनी, घर लय भारी हाय. खाली टाइल्स, दारात ट्रॅक्टर. पोरगी राज करीन."

"सैपाकघर कसं हाय भाऊजी?"

"तिथं कोण जाते? वावर पाह्यलं आमी. काळं कुळकुळीत. हरभरा घाट्यावर आला, माय! खारपाणपट्ट्यातली जमीन, पण काय पीक हाय!"

खारपाणपट्टा ऐकलं आणि माझा हात थांबला. वऱ्हाडात हा शब्द कोणाला माहीत नाही? पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारट. मी मोर्शीकडची. आमच्या विहिरीचं पाणी गोड. संत्र्याच्या झाडाला आणि माणसाला एकच पाणी.

"पाणी कसं हाय तिथचं?" मी नवऱ्याला विचारलं.

भगवंतरावांची छाती फुगली. "पाणी? अवं, दुकानातून आणलेलं! एकेकाले वेगळी बाटली देल्ली. शील तोडून. एवढा मान कोण देते?"

नऊ माणसं. नऊ बाटल्या. जमीन काय पिते ते त्यांनी तासभर विचारलं. पोरगी काय पिईल ते एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि बाटली हातात आल्यावर त्यांना तो मान वाटला.

रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरवून आले होते. रात्री भांडी घासताना रागिणी म्हणाली, "आई, पोरगा बोलाचालाले चांगला वाटला. पण ते घर तू पाह्यलं नाही. तू पाहून ये. तू हो म्हणशील तर हो. नाही म्हणशील तर नाही."

चोवीस वर्षांच्या पोरीनं आपलं आयुष्य माझ्या हातात ठेवलं होतं. मी सत्तेचाळीस वर्षांत कधी एकटी मोर्शीच्या पुढं गेले नव्हते. माहेरी जाताना भाऊ, दवाखान्यात जाताना नवरा, लग्नाला जाताना अख्खं खटलं. आमच्यात बाई घराबाहेर निघाली की पहिला प्रश्न येतो, सोबत कोण हाय?

सकाळी मी पिशवी भरली. नवरा दात घासत होता.

"कुठं?"

"अकोल्याले. पोरीचं घर पाहाले."

"कोणासोबत?"

"पायासोबत."

"डोकं फिरलं काय तुयं? आमी नऊजण पाहून आलो न!"

"तुमी वावर पाह्यलं. मी घर पाहून येते."

"इज्जत जाईन! पोरीची माय तोंड घेऊन आली म्हणतीन."

"मंग काय तोंड घरी ठेवून जाऊ?"

तो फेस गाळत उभा राहिला. मी निघाले.

मोर्शीहून अमरावतीपर्यंत ठीक होतं. अमरावतीच्या स्टँडवर उतरले आणि पाय अडले. तिथं मी वीस वेळा आले असेन, पण मला तो स्टँड माहीत होता तो नवऱ्याच्या पाठीएवढा. पाठीमागं चालायचं, पाठ थांबली की थांबायचं. आता समोर पाठ नव्हती, सगळा स्टँड होता. मग म्हटलं, रुख्मिणी, तुला वाचता येतं ना? पाट्या कशासाठी लावल्यात? वाचल्या. अकोला सापडलं. एवढंच होतं ते. यासाठी मला इतकी वर्षं घाबरवून ठेवलं होतं!

कंडक्टरनं विचारलं, "मावशी, तिकीट कोण काढणार? सोबत कोण?"

"मीच. एक अर्धं द्या, अकोला." सरकारनं बायांना तिकीट अर्धं केलंय, पण कंडक्टर अजून पूर्ण माणूस शोधतो.

मूर्तिजापूरला गाडी थांबली. सगळे बापे उतरले आणि भिंतीकडं तोंड करून मोकळे झाले. बाया पायावर पाय दाबून बसून राहिल्या. का? तर गाडी निघून जाईल. मी उतरले. संडास पार मागं होता. परत आले तर गाडी हललेली. मी धावले आणि पत्र्यावर अशी थाप मारली की आतलं पोर रडायला लागलं.

"काय मावशी!" कंडक्टर ओरडला. "सोबत कोणी असतं तर सांगितलं असतं त्यानं!"

"सोबत असती तर थांबले असते न तुमी? मंग एकटीसाठी बी थांबत जा. अन् आता पाच मिनिटं थांबा, या बायाईले बी जाऊ द्या."

चारजणी पटापट उतरल्या. परत येताना एकीनं माझ्या हातात मूठभर फुटाणे ठेवले.

अकोल्याहून अकोटच्या गाडीत बसले. पूर्णेच्या अलीकडचं गाव. नाव लिहीत नाही. त्या गावातल्या पोरांची अजून लग्नं व्हायची आहेत, आणि दोष पोरांचा नाही.

घर खरंच मोठं होतं. टाइल्स होत्या, ट्रॅक्टर होता. दार दुर्गाबाईंनी उघडलं, म्हणजे मुलाच्या आईनं. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी पदर सावरला.

"एकट्याच? अवं बाई, सांगून तरी यावं. आता घरात काहीच नाही पाव्हण्यासाठी."

"म्हणूनच सांगून नाही आली, इहीनबाई. पाव्हण्यासाठी जे नसते तेच पाहाले आली. पाणी द्या."

त्या आत गेल्या. कोपऱ्यातल्या विकतच्या पाण्याच्या कॅनकडं त्यांचा हात गेला. कॅन रिकामी निघाली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी सैपाकघराच्या दारात येऊन उभी होते.

"तुमी पिता ते द्या."

त्यांनी माठातलं दिलं. मी एक घोट घेतला. तोंडात चूळ धरावी तसं ते थांबलं, खाली जाईना. मी गिळलं.

"नळ?"

"येते. दहा दिवसांनी, बारा दिवसांनी. येते तेवढं भरून ठेवतो. संपलं की बोअरचं."

"अन् कॅन?"

"कॅन माणसांसाठी. सासरे, मालक, पाव्हणे. पोरगा विपुल दिवसभर अकोल्यात, तिथं ऑफिसात फिल्टरचं पेते. घरी मी अन् माई जाऊ, आमी दोघी बाया."

म्हणजे खारं पाणी या घरात फक्त बायांच्या वाट्याला होतं. ट्रॅक्टर घ्यायला जमलं. बायांसाठी आणखी एक कॅन जमली नाही.

त्यांनी जेवू घातलं. वरणातली डाळ दाताखाली करकरत होती. दुर्गाबाई खाली मान घालून म्हणाल्या, "सोडा टाकल्याबिगर शिजत नाही. तुमची माणसं आली तवा कॅनच्या पाण्यात शिजवली होती. मालकानं सांगितलं होतं."

"तुमाले काही त्रास?"

"मुतखडा. दोनदा कापलं. डॉक्टर म्हणे, पाणी बदला." त्या हसल्या. "पाणी बदला म्हणे. जसं लुगडंच बदलाचं हाय."

"माहेर कुठचं तुमचं?"

"चांदूर रेल्वे. गोड पाण्याची. मावालं बी घर पाहाले माणसंच आले होते."

बाहेर कोंबडी खरडत होती.

"आमच्या माणसाईले सांगितलं काहून नाही?" मी विचारलं. राग होताच मला.

"माणसाईसमोर कसं सांगू बाई? घराची बदनामी. एक बाई जरी आली असती जीपमध्ये, तं मी तिले आत नेऊन सांगितलं असतं. देवाशपथ. मी दार धरून पाहून राहिली होती, कोणी बाई उतरते काय. नऊच्या नऊ धोतर-पँटवाले उतरले."

मी पिशवीतून माझी पाण्याची बाटली काढली. घरून आणलेलं गोड पाणी तिच्यात उरलं होतं. ते मी त्यांच्या पेल्यात ओतलं. त्यांनी ते हळूहळू पिऊन टाकलं. मग मी रिकामी बाटली पुढं केली.

"बोअरचं भरून द्या."

त्यांना कळलं. ती बाटली भरणं म्हणजे आपल्या पोराचं जमलेलं लग्न आपल्या हातानं मोडणं. त्या उठल्या. बोअरचं बटण दाबलं, बाटली काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं आणि पदरानं पुसून माझ्या हातात दिली.

"पोरगं चांगलं हाय माझं," त्या म्हणाल्या. "पाणी खराब हाय. दोन्ही सांगजा."

येताना गाडीत उभी राहिले, जागा मिळाली, बसले, अमरावतीला गाडी बदलली. कोणाला काही विचारलं नाही. घरी पोचले तेव्हा नवरा ओट्यावर होता.

"पाह्यलं?"

"पाह्यलं. सकाळी नवाच्या नवाईले चहाले बोलवा."

सकाळी सगळे जमले. साक्षगंधाला मांडव कुठं टाकायचा, जेवणात काय, यावर वाद सुरू झाला. मी चहा ठेवला. त्या बाटलीतलं पाणी, घरचं दूध, साखर नेहमीपेक्षा जास्त. नऊ कप भरले आणि स्वतः नेऊन दिले.

खुशालरावांनी पहिला घोट घेतला आणि अंगणात थुंकला. "वहिनी! चहात मीठ पडलं काय?"

"मीठ नाही भाऊजी. तुमी पाहून आलेलं घर हाय ते. प्या."

कोणी पिईना. कप हातात धरून सगळे एकमेकांकडं पाहू लागले.

"प्या न! एक कप जात नाही तुमाले. तिथची बाई तीस वर्षं झाली पेऊन राहिली, अन् दोनदा पोट कापून घेतलं तिनं. माई पोरगी जन्मभर पेईन म्हणून हो म्हणून आले तुमी. बाटलीचं शील तोडून देल्लं म्हणे मान देल्ला!"

"पोरी काय सगळ्या गोड पाण्यातच पडतात काय?" एक चुलत सासरे बोलले.

"तुमची पडू द्या खाऱ्यात, आधी तुमची."

भगवंतरावांनी तेवढ्यात एक चमत्कारिक गोष्ट केली. त्यांनी तो चहा पूर्ण पिऊन टाकला. घोट घोट, तोंड वाकडं न करता. कप खाली ठेवला आणि दारात उभ्या रागिणीकडं पाहिलं.

"बोल पोरी."

रागिणीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "पोरगा चांगला हाय. पाणी खराब हाय. दोन्ही खरं."

"मंग त्याले सांगा," रागिणी म्हणाली, "अकोल्यात घर कर, तुया मायले सोबत आण, मंग ये. तोवर नाही."

नवरा फोन घेऊन अंगणात गेला. खुशालराव म्हणाले, "नाक कापलं आपलं." मी म्हटलं, कापू द्या, मुतखड्यापेक्षा बरं.

तिकडून अजून काही निरोप नाही. येईल तेव्हा पाहू. रागिणी वाट पाहत बसलेली नाही, परीक्षेचे अर्ज भरतेय. भातकुलीकडचं एक स्थळ मात्र परवा आलं, तेही खारपाणपट्ट्यातलंच. खुशालरावांनी सवयीनं जीपवाल्याला फोन लावला.

"जीप नको," मी म्हटलं. "तिकडं बस जाते."

"मंग सोबत कोण येईन तुमच्या?"

मी रिकामी बाटली धुऊन पिशवीत टाकत होते.