सम्राटांचा पुठ्ठा

भाऊजींच्या पुस्तकावर बंदी आली तेव्हा त्याचे बरेच छापील फर्मे, म्हणजे न बांधलेले कागद, माझ्या बांधणीखान्यात पडून होते. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, शाळामास्तर. दुष्काळात सरकारने आपलं धान्य कुठे पाठवलं, एवढंच त्या लहानशा पुस्तकात लिहिलं होतं. त्यांना तुरुंगात टाकलं, तयार प्रती चौकात जाळल्या. जप्तीचा शिक्का मारून माझ्याकडेच ठेवलेले सुटे कागद सोडले तर त्या पुस्तकाचं काहीच उरलं नाही.

मग बंदी खात्याचे साहेब आले. सोबत सम्राटांच्या चरित्राचं काम होतं, सगळ्या शाळांना वाटायचं. मी पुठ्ठ्यांसाठी कागद मागितला तर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ही जप्तीची रद्दी आहे ना, म्हणाले, हिचेच थर चिकटवून पुठ्ठे कर, एकदा चिकटल्यावर वाचतंय कोण. चिक्कूपणा असावा तर असा! मी मान खाली घालूनच हो म्हटलं, नाहीतर हसू दिसलं असतं.

खळ मी मुद्दाम पातळ केली. ओलं फडकं ठेवलं की पान न फाटता सुटावं, इतकी. प्रत्येक चरित्राच्या दोन पुठ्ठ्यांत मिळून भाऊजींचं अख्खं पुस्तक बसवलं. वर लाल कापड, सोनेरी मुकुट. मग भाऊजींच्या मास्तर मित्रांना निरोप दिला की चरित्र हातात पडलं की आधी पुठ्ठा भिजवा.

पुढे एक दिवस साहेब हातात प्रत घेऊन आले. एक पुठ्ठा सोललेला. त्यांच्याच मुलीने ती शाळेतून आणली होती.

"हे काय आहे?"

"तुम्ही दिलेली रद्दी."

टाळं ठोकतो म्हणाले, दिराशेजारी बसवतो म्हणाले. मी कागद कापायची सुरी त्यांच्यापुढे सरकवली.

"सगळ्या शाळांतून आणा आणि फाडा, साहेब. आधी सम्राट फाटतील, मग आमचे भाऊजी. आणि पुठ्ठे कुणाच्या हुकमाने केले असं वरून विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही."

साहेब स्टुलावर बसले. म्हणाले, मुलीने जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, बाबा, ते धान्य कुठे गेलं? मग त्यांनी प्रत माझ्यापुढे ठेवली.

"चिकटवून दे."

मी खळीचं भांडं जवळ ओढलं.

"पातळच लावते. तिचं अर्धं वाचायचं राहिलं असेल."

साहेब खळ सुकेपर्यंत बसून राहिले.